वेणूचे खाते

माझी पत्नी सुमती २०१२ साली वारली. ती पनवेलला प्राथमिक शाळेत शिकवायची. किडनीच्या आजारामुळे नोकरी सोडून घरी बसली, तेव्हा आमच्या मुलीने, समृद्धीने, तिला इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश दाखवला. हा कोश कोणी एक माणूस लिहीत नाही. कोणीही लेख लिहावा, कोणीही तो दुरुस्त करावा. कोणी काय बदलले ते सगळे तिथे नोंदलेले राहते. तिथली माणसे त्याला नुसते विकी म्हणतात.

सुमती मूळची उरणजवळच्या करंजाची, कोळ्याघरची. ती माशांवर लिहायची, जाळ्यांवर लिहायची. पण तिचा जास्त वेळ दुसऱ्यांच्या लेखांतल्या चुका काढण्यात जाई. डायलिसिसहून आली की चहा घ्यायची आणि संगणकापुढे बसायची. तिथे खाते उघडायला एक नाव लागते. तिने वेणू घेतले. ते तिचे माहेरचे नाव. आमच्या लग्नात रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुमती लिहिले, आणि त्या दिवसापासून ती सुमती झाली. वेणू का घेतलेस, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "रिकामं पडलं होतं."

ती गेल्यावर काही दिवसांनी मी संगणक लावला. तिचे खाते उघडेच होते. तिच्या निरोपांच्या पानावर लोकांनी लिहिले होते. वेणूताई, कुठे आहात? वेणूताई, सुरमईच्या लेखातले चित्र चालेल का? त्यांना कळवायला हवे असे मला वाटले. मी खाली लिहिले, "माझी पत्नी वारली. तिच्यासाठी निरोप ठेवू नयेत." मजकूर संपला की एक चिन्ह चार वेळा दाबायचे, म्हणजे लिहिणाऱ्याची सही आपोआप उमटते, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिले होते. मी दाबले. सही उमटली, वेणू.

मला त्यात काही चुकल्यासारखे वाटले नाही. मी उरणकडे बंदरात क्रेन चालवायचो. पाळी बदलली, माणूस बदलला, तरी क्रेनचा नंबर तोच राहतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या पानावर लाल चौकट होती. हे खाते दुसऱ्या कोणाच्या हाती गेल्याचा संशय असल्याने बंद केले आहे. कधीपासून ते कळत नसल्यामुळे, खात्री न पटल्यास अलीकडच्या महिन्यांतले लेखन मागे घेतले जाईल. माझा निरोप पुसला होता.

त्याच महिन्यांत तिने सुक्या मासळीचा लेख लिहिला होता. अर्धा डायलिसिसच्या खुर्चीत, अर्धा घरी. तो जाऊ नये, एवढेच मला हवे होते.

चौकटीखाली पत्ता होता, त्यावर मी मेल केला. सांगलीहून पद्मजा नावाच्या बाईंचा फोन आला. विकीवर कोणाचे खाते बंद करायचे, कोणाचे उघडायचे, हे पाहणाऱ्यांपैकी त्या एक होत्या.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण वेणूताईंच्या नावाने कोणीतरी 'माझी पत्नी वारली' असं लिहितं, तेव्हा आम्ही काय समजायचं?"

"वारली ते खरं आहे."

"त्याला आधार काही? वर्तमानपत्रातली बातमी वगैरे?"

"प्राथमिक शाळेतल्या बाईंची बातमी कोण छापतं?"

"तेही खरंच."

मी मृत्यूचा दाखला स्कॅन करून पाठवला. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला.

"दाखल्यावर सुमती आहे."

"तीच वेणू."

"असं तुम्ही सांगताय. आणि तुमच्याच सांगण्यावर आमच्यातल्या काहींना शंका आहे. त्यांना वेणू म्हणून ओळखणारं दुसरं कोणी आहे का?"

जुन्या नावाची तिची कागदपत्रे २००५च्या पुरात गेली होती. समृद्धीला आई सुमती म्हणूनच ठाऊक. मी स्वतः तिला एकदाही वेणू म्हटलेले नाही. उरली तिची धाकटी बहीण गुणाबाई, करंजाला.

दुसऱ्या दिवशी मी उरणची एसटी धरली आणि पुढे रिक्षाने गेलो. गुणाबाई बंदराजवळ बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, असे तिचे चालले होते. मी सगळे सांगितले. तिने हात थांबवला नाही.

"तुमीच लावलात ना तिला सुमती," ती म्हणाली. "आता वेणू शोधत इकडं आलात, भाओजी."

मी खिशातून मोबाइल काढला. पद्मजाबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्यासमोर धरला.

"कोण बोलतंय? पोलिसातली हायस काय?"

"नाही हो. मी पद्मजा. वेणूताई तुमच्या कोण?"

"मोठी बहीण माजी. गेली ती. तुमाला कशाला पायजे?"

"आम्ही दोघी एकत्र लिहायचो. कधी भेटलो मात्र नाही. कशा होत्या त्या?"

"कशी म्हंजे? माजी लग्नपत्रिका छापून आली, तर ही लाल पेन घेऊन बसली. आमच्या बापानं डोक्याला हात लावला. पत्रिका वाटायच्या का तपासायच्या, म्हणं."

तिकडे पद्मजाबाई हसल्या.

"माझ्या पहिल्याच लेखाची त्यांनी चाळण केली होती," त्या म्हणाल्या. "मी रडले होते. दिनानाथजी, आहात ना?"

"आहे."

"मी आज बाकीच्यांना कळवते. त्यांचं काही काढणार नाही कोणी. सुक्या मासळीचा लेख आहे तसा राहील. चौकटही काढते. फक्त एक आहे. गेलेल्या माणसाचं खातं आम्ही कायमचं कुलूपबंद करतो, म्हणजे त्या नावाने पुन्हा कोणी लिहू नये. तुम्हालाही मग त्यातून बाहेर पडावं लागेल."

"बरं."

"पानावर त्या गेल्याची तारीख घालते. नाव कोणतं लिहू? वेणू, आणि पुढे सुमती असं लिहू? खरं नाव तेच ना त्यांचं."

गुणाबाईचा हात आता थांबला होता. ती माझ्याकडे पाहत होती.

पस्तीस वर्षे मी त्या बाईला सुमती म्हणून हाक मारली. घराच्या पाटीवर ते आहे, दाखल्यावर आहे. ते नाव माझ्या आईने सुचवले होते. तिला पसंत आहे का, हे तेव्हा कोणी विचारत नसे.

"नुसतं वेणू लिहा," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो."

फोन ठेवला. गुणाबाईने टोपलीतून बोंबलांची जोडी उचलली.

"जेवून जा, भाओजी," ती म्हणाली. "वेणू आली की जेवल्याबिगर जात नसं."