सात नंबरची खाट

“सिस्टर, थांबा! सुई टोचू नका!”

कौसल्याबाईंच्या आवाजानं परळच्या त्या इस्पितळातला अख्खा पुरुष वॉर्ड दचकला. हा आवाज एरवी पेशंटांना पेज संपवायला लावण्यासाठी असे. आज तो उर्मिला सिस्टरवर निघाला. आयानं सिस्टरला अडवायचं, म्हणजे अतीच झालं!

“सात नंबर, इन्सुलिन,” सिस्टर खाटेवरचं कार्ड दाखवत म्हणाल्या.

“खाट सातचीच, पण मानूस न्हाय. ह्यो सीताराम, पायाच्या ऑपरेशनचा. कालपासून उपाशी हाय.”

सिस्टरांचा हात तिथंच थांबला. उपाशीपोटी ती सुई गेली असती, तर सीतारामच्या जिवावर बेतलं असतं.

घडलं होतं ते एवढंच. खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा जाणार होता आणि त्यात सीतारामच्या गिरणीतली माणसं होती. खिडकीजवळच्या भिवाला साखरेचं दुखणं, पण माणूस भला. “तू बघ रे आपली मानसं,” म्हणत त्यानं आपली खाट सीतारामला दिली. सीतारामचा मोडका पाय हलवताना उचलून धरला होता खुद्द कौसल्याबाईंनी. कार्डं मात्र खाटांनाच लटकत राहिली.

“काही झालं नाही ना? मग कुठं बोलू नका,” सिस्टर कुजबुजल्या. त्यांचंही खरं होतं. मागं धोंडू वॉर्डबॉयनं चुकीची बाटली दिल्याचं कबूल केलं आणि त्याच दिवशी त्याला घरी बसवलं. तेव्हापासून वॉर्डात कुणाच्याच हातून चूक होत नव्हती!

“आज मी व्हते. उद्या माजी सुट्टी असल,” कौसल्याबाई म्हणाल्या आणि सिस्टरांना घेऊन मेट्रनकडे गेल्या.

सगळं ऐकून मेट्रनबाईंनी एकच विचारलं, “खाटा कुणी बदलल्या?”

“मी.”

कार्ड माणसाच्या हाताला बांधा, असं कौसल्याबाई सांगणार होत्या. ते राहूनच गेलं. त्यांची बदली धुलाईखान्यात झाली. शेजारी उभ्या उर्मिला सिस्टर जमिनीकडे बघत राहिल्या. अठरा वर्षांचा वॉर्ड सुटला म्हणून कौसल्याबाईंना रडू आलं आणि सिस्टरांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी चादरींचा गठ्ठा घेऊन त्या वॉर्डाच्या दारात आल्या. आत सिस्टर ट्रे घेऊन पहिल्या खाटेशी उभ्या होत्या.

“नाव सांगा.”

“अवो, म्हैनाभर वळखता की मला!”

“तरी सांगा. पूर्ण सांगा.”

पेशंट हसत होते, सिस्टर हसत नव्हत्या. गठ्ठा जड होता. शेवटच्या खाटेवरचं नाव ऐकू येईपर्यंत कौसल्याबाई दारातच उभ्या राहिल्या.