आबांचं पथ्य

श्रावणात माझ्या सासऱ्यांना, कौतिक आबांना, आमांशाने दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, त्यांना भाकरी दिली नव्हती. साबुदाण्याची खीर, मऊ भात, दुधातली बिस्किटं. डॉक्टरांनी दिवाळीआधीच नेहमीचं जेवण हळूहळू सुरू करायला सांगितलं होतं, पण आईंची भीती जात नव्हती.

"आतडं सोलाई गयं शे. भाकर टोची त्याले."

मी धरणगावला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एकदा समजावून पाहिलं. आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो. तिथले जिवाणू धान्याचा कोंडा, डाळींची सालं खातात. त्यातून जे तयार होतं त्यावर आतडं पोसतं आणि थर टिकतो. कोंडा मिळाला नाही तर काही जिवाणू तो थरच खायला लागतात.

"म्हणजे पोटात शेंबूड?" आई म्हणाल्या. "जेवताना नको सांगू."

कापसाच्या वेचणीपर्यंत आबा सुधारले. रोज शेतात जाऊ लागले, गाल भरले. "मनी खीर लागू पडनी," म्हणत आई शेतात न्यायचा खिरीचा थर्मास आणखी भरू लागल्या.

एका रविवारी आबा थर्मास घरीच विसरले. आई तो घेऊन माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. बांधावर आबा आणि सालदार वना जेवत होते. आबांच्या हातात कळण्याची भाकर होती, ज्वारी-उडदाची. ते काही बोलायच्या आत वनाचा कुत्रा थर्मास पाहून शेपूट हलवत सरळ आईंकडे धावला. चांगलाच गोल झाला होता.

"मनी खीर कुत्राले?"

"त्याले भलती आवडस," आबा खाली बघत म्हणाले.

वनाच सांगून मोकळा झाला. "दिवाळीपासून, अक्का. पहिले चतकोर, वरणात चुरीसन. आते पुरी भाकर."

"आणि पोट?" हे आईंनी आबांना फार हळू विचारलं.

"सकाळी एकदाच. आव नही, रक्त नही. बठ्ठं बेस शे."

आई बांधावर टेकल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कोंडा नही भेटना ते काय खातस, सांगे तू?"

"आतड्यावरचा थर."

"म्हणजे सालदारले भाकर नही दिधी, तर तो आपली कणगीले हात घाली."

"मी नही घालत, अक्का!" वना म्हणाला.

आई हसल्या. आबांच्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावत राहिल्या. "कळणं जाड दळेल शे. मीठ नही. अशी भाकर खाई राह्यनात इतला दिन?"

परतताना बारीक दळलेलं कळण्याचं पीठ घ्यायला त्यांनी स्कूटी गिरणीवर थांबवायला लावली. संध्याकाळी पहिली भाकर आबांच्या ताटात पडली. लगेच त्यातली अर्धी मोडून आईंनी परत घेतली.

"आज इतलीच. सकाळी बघू."

आबांनी मुकाट्याने अर्धीच खाल्ली. दुपारची अख्खी भाकर अजून पोटात होती.