ठिपक्यांचे टोमॅटो

मी शाळेत गेले होते ती भांडायलाच. पोरगं सहावीत, गणितात जेमतेम पास, चित्रकलेच्या बाईंची कायमची तक्रार की रंगवताना लक्ष नसतं, आणि शनिवारी सकाळी हे महाशय बसतात कुठे, तर व्हिडिओ गेम बनवायच्या वर्गात! त्या वर्गातून नाव काढून त्याला गणिताच्या शिकवणीला घालायचं, हे मी घरूनच ठरवून निघाले. चिकट्याला तसं सांगितलं तेव्हा तो जेवला नाही. चिकट्या म्हणजे माझा मुलगा. एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटत नाही, म्हणून घरात सगळे त्याला तेच म्हणतात. मी म्हटलं, राहा उपाशी, भूक लागली की नाद सुटेल.

वर्गाच्या बाई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण खमक्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काढू की नाव. पण आज पालकांनी खेळून बघायचा दिवस आहे. आलाच आहात तर त्याचा खेळ खेळून जा."

त्यांचा नियमही सांगितला. खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. बनवणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. आणि खेळणारा चुकला तर त्याला शिकवत बसायचं नाही, खेळ दुरुस्त करायचा.

बोलायचंच असेल तर मला कोण अडवणार! मी खुर्ची ओढली. चिकट्या शेजारी उभा राहिला, ओठ गच्च मिटून. चेहरा एवढासा झाला होता.

खेळ टोमॅटोच्या बागेचा. पाणी घालायचं, पिकलेले तोडायचे, टोपली भरून नदीपलीकडच्या बाजारात न्यायची. मी पाणी घालत सुटले, तर मुळं कुजली. "अगं बाई! जास्त पाण्याने रोप मरतं, हे कुठून कळलं याला?" टोपली काठोकाठ भरली, तर खालचे टोमॅटो फुटले. पाऊण भरायची होती. हा तोच मुलगा बरं का, जो पाऊण आणि सव्वा यात दर वेळी गोंधळ घालतो! बाई हळूच म्हणाल्या, "सुरुवातीला त्याने अर्धं पान सूचना लिहिल्या होत्या. कुणी वाचल्या नाहीत. मग कापत कापत एका ओळीवर आला." निबंधाच्या दोन ओळींसाठी माझा जीव खाणारं हे पोर, एका ओळीसाठी झटत होतं. मला हसू आलं, आणि ते मी दाबलं. भांडायला आले होते ना!

मग तोडणीची वेळ आली आणि माझं डोकं फिरलं.

"हे काय रे चिकट्या? पानं तांबूस आणि पिकलेले टोमॅटो हिरवट? इतका कसा रे तू धांदरट! घाईघाईत काहीही फासायचं आणि मोकळं व्हायचं!"

तो काही बोलला नाही. नियमच होता. फक्त त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता सांग आईला."

"पिकलेल्यांवर दोन ठिपके दिलेत," तो पुटपुटला. "ओळखायला."

"ठिपके कशाला? पिकलेला टोमॅटो रंगावरून कळतो!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. उद्धटपणे नाही. खरोखर कुतूहलाने.

"रंगावरून कसं कळतं?"

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. इतकी वर्षं तेच करते.

"घरी तर रंग बरोबर देतोस," मी म्हटलं.

"खडूच्या कागदावर नाव असतं. इथे संगणकावर रंगांचे नुसते चौकोन आहेत."

म्हणून! म्हणून त्याच्या मोठ्या बहिणीने, ताईने खडूचे कागद सोलले की हा घर डोक्यावर घ्यायचा. आणि मी त्यालाच ओरडायचे, काय तो हट्ट, खडू तर आहे ना!

शाळेतून मी त्याला थेट दुकानात नेलं. गाडी चालवणाऱ्यांना लाल-हिरवा ओळखता येतो का ते तपासायला आमच्याकडे रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं. पानभर ठिपके आणि त्यांत वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. मी त्याला समोर बसवलं आणि ओठ मिटून घेतले. इथे मी एरवीही गप्पच असते. अनोळखी माणूस तक्त्याच्या खालच्या ओळीवर अडखळला तर मी कधी त्याच्यावर खेकसले नाही. खेकसणं सगळं घरच्यासाठी ठेवलेलं.

पहिलं पान सगळ्यांनाच वाचता येतं. त्यानेही वाचलं. दुसऱ्या पानावर थांबला. तिसरं उलटलं, चौथं उलटलं. पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं.

"बाकीच्या पानांवर आकडा काढायला विसरलेत," तो म्हणाला.

"आहे रे आकडा. प्रत्येक पानावर आहे."

त्याने पुन्हा पाहिलं, चिकटून पाहिलं. मला वाटलं, आता रडेल. पण त्याने पुस्तक शांतपणे माझ्याकडे सरकवलं.

"मग ज्यांनी बनवलंय त्यांना सांग ना, आकड्याला काठ द्या म्हणावं. मला दिसत नाही म्हणजे ते त्यांनी दुरुस्त करायला पाहिजे."

मला भडभडून आलं. काउंटरवरचा मालक बघत होता, बघू दे. चिकट्या घाबरला. "माझं चुकलं का?"

"नाही रे राजा. तुझं काही चुकलं नाही."

मग, अगदी हळू, "आणि नाव? काढलंस?"

"नाही काढलं. शनिवारी मीच सोडते तुला." मी डोळे पुसले. "ताईला बसव शेजारी, रंगांची नावं ती सांगेल. पण ते ठिपके आहेत तसेच ठेव."