द्वारकाबाईचा मुडपलेला अंगठा

लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना, तेव्हा द्वारकाबाईनं झाकण बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. कुलपात किल्ली फिरेना, तर म्हणाली कुलूप गंजलं. पण एका सकाळी चंद्री म्हशीच्या धारेला बसली, अन् अर्धी बादली भरत आली असताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ उठली की बादली लवंडली. तेव्हा मात्र दोष द्यायला कुणी सापडेना. म्हशीला ती कधी बोलत नसे.

बिडकीनची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली तशी गोठ्यातली जनावरं एकेक करून गेली. उरली एकटी चंद्री. मुलगा रामकिसन त्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत पाळीवर जायचा. त्याच्या मते घरात पिशवीचं दूध पुष्कळ झालं. पण गल्लीत बाळंतीण असो की आजारी माणूस, तांब्या घेऊन लोक द्वारकाबाईच्याच दारात यायचे. चंद्री गेली तर त्या दारात कोण येणार अन् कशाला?

सून आशा वेरूळकडची. नवी नवरी होती तेव्हा हौसेनं धारेला बसली, तर द्वारकाबाईनं तिला हाताला धरून उठवलं होतं.

"मूठ आवळून काय धुणं पिळायलीस? आमच्या घरात अंगठा मुडपून धार काढतात. शेवटचा थेंब खाली येतो."

तेव्हापासून आशाच्या वाट्याला शेण अन् वैरण. कासेला हात फक्त सासूचा.

तर त्या कळेवर द्वारकाबाईनं घरचा इलाज केला. बिब्बा तापवला अन् अंगठ्याच्या मुळाभोवती ठिपके दिले. तिच्या माहेरी गुडघ्यापासून पाठीपर्यंत सगळ्याला बिब्बाच. दुसऱ्या दिवशी हात टरारलेल्या फोडांनी भरला. दुखणं होतं तिथंच राहिलं, वरून आग वेगळी.

आता धार काढायला आशाच बसली. चंद्रीनं तिला निमूट पान्हा सोडला. द्वारकाबाई दाराला टेकून बघत होती. ते बघणं तिला फोडांपेक्षा जड गेलं.

रामकिसननं तेवढ्यात डाव साधला. "माय, आता पुरं झालं. पोळा झाला की सांडू येतोय म्हैस बघायला."

सांडू म्हणजे जनावरांचा व्यापारी.

"माझ्या दावणीची म्हैस, अन् मला इचारलंसुदिक नाय?"

"इचारलं असतं तर व्हय म्हणली असतीस का?"

"नाय."

"मग?"

द्वारकाबाई उठली. पदर खोचला अन् आशाला म्हणाली, "चल. बस गाठायची. हाताला झालंय काय ते तरी कळू दे."

शहरात क्रांती चौकाजवळ हाडांचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई तरुण, पण नजर पक्की. हात बघितला अन् कपाळाला आठी घातली.

"आजी, हे भाजलं कशानं?"

"बिब्ब्यानं."

"दुखतंय आत सांध्यात, अन् शिक्षा दिली कातडीला! परत लावायचा नाही." बाईंनी अंगठ्याच्या मुळाशी हळूच दाबून तो फिरवला. आत करकर झाली. मग फोटो काढला, उजेडाला धरला. "इथं दोन हाडं घोड्यावरच्या खोगिरासारखी एकमेकांवर बसलेली असतात. मधली गादी झिजलीय. संधिवात आहे हा, झिजेचा."

"गादी परत भरता येत नाय?"

"नाही. पण झिजलेल्या सांध्यावरचा भार काढला तर दुखणं आवरतं. चिमटीत थोडा जोर लावला तरी इथं मुळाशी तो कितीतरी पट होऊन पडतो. झाकण, किल्ली, पिळणं, सगळ्यात तेच. तुम्ही रोज या हातानं काय करता?"

द्वारकाबाईनं आशाचं बोट धरलं, अंगठा मुडपून त्यावर रोवला अन् खसकन ओढलं.

"आत्याबाई, माझं बोट हाय ते!"

"असं दोन्ही वेळ?" बाईंनी विचारलं. "किती वर्षं?"

"परकर नेसत होते तवापास्नं."

"मग दुसरं कारण शोधायला नको. असंच चाललं तर पट्टा अन् गोळ्या दोन्ही वाया."

"म्हणजे धार सोड म्हणता?"

"धार कशाला? अंगठा मुडपणं सोडा. अंगठा सरळ ठेवून मुठीनं काढा."

आशा खिडकीबाहेर बघायला लागली.

"तू काय बघतीस?" द्वारकाबाई खेकसली. "क्रांती चौक काय आज बांधला व्हय?"

बाईंनी अंगठ्याला आधार देणारा पट्टा दिला. पोटाचं अन् बीपीचं विचारून थोड्या दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. फोड वाळले की कोमट पाण्यात हात बुडवायचा, झाकण तळहातानं फिरवायचं, किल्लीला जाड मूठ करून घ्यायची. अन् कळ आली की थांबायचं, रेटायचं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर द्वारकाबाई गोठ्यात गेली. आशा धारेला बसायच्या तयारीत होती.

"दाखव."

"काय, आत्याबाई?"

"तुझं ते धुणं पिळणं."

आशानं हसू गिळलं. "वरनं आधी सड बंद करायचं, मग एकेक बोट खाली आवळत यायचं. अंगठा नुसता टेकवायचा. त्याला काम सांगायचं नाय."

सांगणं सोपं. पण द्वारकाबाईचा अंगठा आपोआप आत वळायचा, जन्मभराची खोड. फोड वाळले तशी तिनं रामकिसनचा कंपनीतला रबरी हातमोजा घेतला, पाण्यानं भरला, बोटांना सुईनं भोकं पाडली अन् गोठ्याच्या खुंटीला टांगला. पट्टा बांधून ती त्याच्यापुढं बसायची, जमेना की मोज्याला शिव्या घालायची.

"हे काय चालवलंय?" रामकिसननं विचारलं.

"म्हैस हाय. तुझ्या कंपनीची. तुझ्यासारखीच आडमुठी."

मग खऱ्या कासेशी गाठ. पहिल्यांदा धार आली ती बादलीत कमी, लुगड्यावर जास्त. चंद्रीनं पाय उचलला. द्वारकाबाईनं तिची मांडी थोपटली अन् परत बसली. संध्याकाळी परत. दुसऱ्या सकाळी परत.

पोळा झाला अन् सांडू आला तो नेमका धारेच्या वेळी. रामकिसन त्याच्यामागं उभा. द्वारकाबाईनं दोघांकडं बघितलंही नाही. अंगठा सरळ, बोटं एकामागं एक, अन् बादलीत दमदार धार वाजायला लागली. दोन सडं उरकली तशी मुळाशी बारीक कळ जागी झाली. आधीची द्वारकाबाई असती तर दात खाऊन पुढं रेटलं असतं, त्यातून परक्या माणसासमोर. ती थांबली. उठली.

"आशा, उरलेली दोन तू काढ."

सांडूनं संधी बघितली. "मावशी, हात थकला तुमचा. आज ना उद्या द्यावीच लागंल. आत्ता म्हैस दुधात हाय तवर..."

"डोळं फुटले का रं तुझे?" द्वारकाबाई म्हणाली. "दोन बाया धारेला हाईत या घरात. दोघींच्या हाताखालची म्हैस इकायला काढत नसत्यात. चहा घे अन् नीघ."

सांडूनं रामकिसनकडं बघितलं. रामकिसननं आशाकडं. आशाचं लक्ष बादलीत होतं. फेस काठाला आला होता.

"चल सांडू," रामकिसन म्हणाला, "बाहेर सोडतो तुला."

"अन् येताना पाण्याचं भगुनं चुलीवर ठेव," द्वारकाबाई पट्टा सोडत म्हणाली, "कोमट कर, उकळू नको. हात बुडवायचाय मला."