गुडघ्यांवरून एकशे तीन

गोफणची करंगळी त्या सकाळीही झोपलेलीच होती. शर्टाचं बटण लावताना ते कळलं. मुंग्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला येत, मग खाली उतरून बोटात ठाण मांडत. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारी बेसबॉल संघाची निवड होती आणि नव्या पिचरची, म्हणजे चेंडू फेकणारीची, जागा एकच.

गोफण हे नाव बाबांनी ठेवलेलं. सातव्या वर्षी तिने चेंडू फेकून शेजाऱ्यांची काच फोडली, तेव्हा रागावायचं सोडून ते अंतर पावलांनी मोजत बसले होते.

आत्या खेळाडूंच्या सांध्यांवर उपचार करायची. तिच्या लांबट हॉलच्या टोकाला जाळी होती. जाळीमागे बाबा वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे राहिले.

"ताई, शनिवारच्या आत वेग अजून पाच किलोमीटरने वाढवून दे."

"बाळ्या, पोर आहे ती. पंख्याचं बटण नाही." मग ती गोफणकडे वळली. "दुखतं का कुठे?"

"नाही." उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

उभ्याने फेकलेला चेंडू ताशी एकशे नऊ. कोपरात तापलेली सुई गेली. गोफणने चेहरा हलू दिला नाही. पण आत्या चेंडूकडे बघतच नव्हती, तिच्या पायांकडे बघत होती.

"आता गुडघ्यांवर बस. तिथूनच फेक."

गोफण गुडघ्यांवर बसली. आकडा पडला तर हात थकलाय म्हणतील. तिने दात-ओठ खाऊन फेकला.

"एकशे तीन!" बाबा ओरडले. "बसूनसुद्धा! अगं, तोफ आहे तोफ!"

आत्याने पेनाला टोपण लावलं. "नक्की एकशे तीन?"

आत्याचा तो थंड स्वर ऐकून गोफण गुडघ्यांवरच राहिली.

"वेग जमिनीतून यायला हवा," आत्या म्हणाली. "पाय रोवला की कंबर वळते, तिच्यामागून खांदा, हात सगळ्यांत शेवटी. हिचे पाय काढून घेतले तरी सहाच कमी झाले. मग उभी असताना पाय काय करत होते, बाळ्या? सगळा भार एवढंसं कोपर ओढतंय."

तिने कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा टेकवला. गोफणचा हात आपोआप मागे गेला.

"करंगळी?"

"झोपलीय."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"म्हणजे शंभर ओलांडले, पेढे वाटले..." बाबा अडखळले. "त्या दिवसापासून?"

गोफणने मान डोलावली. आता ते ओरडणार, या भीतीने तिने खांदे आवळले. ते ओरडले नाहीत. नुसतं यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. हे ओरडण्याहून वाईट होतं.

"शनिवार?" जाळीमागून पुढे येत त्यांनी हळूच विचारलं.

"शनिवार दर आठवड्याला येतो. आधी नस तपासून घेऊ. तोवर चेंडू बंद. मग पायांपासून शिकवीन. वेगही वाढेल, हातही राहील."

"बोट जागं होईल ना, आत्या?"

"बहुतेक."

आत्या शब्द तोलून बोलायची. बहुतेक म्हणजे हो नव्हे. काहीतरी करायचं म्हणून गोफण पायाशी पडलेला चेंडू उचलायला वाकली. तो बोटांतून निसटला आणि घरंगळत बाबांच्या बुटाला लागला.

बाबांनी तो उचलला. तिने सवयीने हात पुढे केला. त्यांनी चेंडू स्वतःच्या खिशात घातला आणि तिचा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यांचा अंगठा करंगळीवर टेकला होता, पण तिला ते फक्त दिसत होतं.