न्हाणीघराची खिडकी

दोघा भावांनी बापाच्या घराची वाटणी केली तेव्हा भांडी, खाटा, अगदी दारांची कुलपंसुद्धा वाटून झाली. न्हाणीघराची खिडकी तेवढी राहून गेली. न्हाणीघर आलं थोरल्याच्या वाट्याला, आणि त्याची जरा उंचावरची एकुलती एक खिडकी उघडत होती धाकट्याच्या शेडमध्ये. त्या हातभर खिडकीपायी दोघांनी एकमेकांचं रक्त काढलं, आणि त्याची दोघांना काडीचीही लाज नव्हती.

धाकटा सुतार. शेडमध्ये कपाटं बनवायचा, त्यांना पॉलिश करायचा. न्हाणीघरातला गॅसचा गिझर पेटला की खिडकीतून वाफ यायची आणि ओल्या पॉलिशवर पांढरे डाग धरायचे. त्याने खिडकीवर फळी ठोकली. थोरला गोदामात पोती वाहणारा, अंगाने नुसता रेडा. त्याने पहारेने फळी उचकटली. पुन्हा फळी लागली, पुन्हा निघाली. एकदा धाकट्याने रंधा फेकून मारला आणि थोरल्याचा कान फाटला. पुढच्या खेपेला थोरल्याने त्याचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं आणि समोरचे दोन दात पाडले. बोलणं तर कधीच बंद होतं. राग आला की मधल्या भिंतीवर दणका द्यायचा, पलीकडून दणका आला की त्याहून मोठा परत द्यायचा, एवढाच दोन्ही घरांचा संवाद उरला होता. शेजाऱ्यांनीही तिकडे कान देणं सोडलं होतं.

थोरल्याच्या बायकोला, थोरलीला, धास्ती होती ती वेगळीच. गिझर बघायला आलेला फिटर फळी पाहून चपापला होता.

"वहिनी, हा गिझर मुळात न्हाणीघराबाहेर बसवायला हवा होता," तो म्हणाला होता. "खिडकी बंद करून पेटवलात तर आत विषारी वायू साचेल. त्याला ना रंग ना वास. आधी गरगरतं, मग हातपाय असे गळतात की कडी काढायचंही त्राण राहत नाही. सांगा, आत्ताच काढून नेतो."

"काढू द्या की," ती नवऱ्याला म्हणाली.

"गिझर काढला म्हणजे तो जिंकला," थोरला म्हणाला. "खिडकी उघडी ठेवणं माझं काम."

झालं. माणूस मेला तरी चालेल, पण भाऊ जिंकता कामा नये. थोरलीने मग स्वतःपुरता नियम केला. आधी खिडकी बघायची, मग गिझर पेटवायचा, बादली भरली की बंद करायचा आणि त्यानंतरच अंगावर पाणी घ्यायचं.

हा नियम तिने चिंगीलाही शिकवला होता. चिंगी ही धाकट्याची लेक. थोरलीला मूल नव्हतं, आणि पोरीला मोठ्या आईचा आणि गरम पाण्याचा भारी लळा. तिची आई, धाकटी, कारखान्यात कामाला निघताना पोरीला मागच्या दाराने हळूच थोरलीकडे सोडायची. दोघी जावांचं हे गुपित त्या दोन रेड्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी थोरलीने खिडकी पाहिली. उघडी होती. तिने गिझर पेटवला, चिंगीला आत पाठवलं आणि धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. खालून ठोकाठोक ऐकू आली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, सुताराच्या घरी हातोडा वाजायचाच. मध्येच भिंतीवर दणकेही वाजले. आज बहुतेक नवऱ्याचं डोकं लवकर फिरलंय, असं म्हणत तिने चादर झटकली.

ती खाली आली तेव्हा गिझर अजून जळत होता. आत पाणी पडत होतं.

"चिंगे, बंद कर गं आता."

उत्तर आलं नाही. दाराला आतून कडी. तिने आधी बाहेरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि मग दाराला खांदा दिला. दार हललं नाही. वाटणीच्या आधी धाकट्यानेच केलेलं ते सागवानी दार, हत्तीने धडक दिली तरी तुटणार नाही म्हणून तेव्हा त्याने केवढी फुशारकी मारली होती. थोरलीने कोपऱ्यातली पहार उचलली आणि घराला वळसा घालून शेडमध्ये धावली.

खिडकीवर नवी कोरी फळी होती. कडेच्या फटीसुद्धा लांबीच्या लगद्याने बुजवलेल्या. समोर धाकटा हातोडा घेऊन उभा.

"चिंगी आत आहे," ती म्हणाली. "फळी काढ."

"माझी पोरगी तुमच्या न्हाणीत कशाला मरायला येईल? बरं नाटक शिकवलंय दादाने."

तिने पहार फळीच्या कडेत खुपसली. धाकट्याने हातोडा चालवला. तिच्या मनगटातलं हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, मग कळ डोक्यात गेली. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून थोरला आला. त्याने बायकोचा लोंबणारा हात पाहिला आणि भावाला गळ्याला धरून कपाटावर आदळलं. कपाट कोसळलं, काचा फुटल्या. धाकट्याने एक काच उचलून भावाच्या दंडात खुपसली. दोघे रक्तात आणि पॉलिशमध्ये लोळू लागले. थोरली घसा फुटेस्तोवर ओरडत होती, पोरगी आत आहे, पोरगी आत आहे. ऐकतो कोण? इतकी वर्षं एकमेकांचं ऐकायचं नाही एवढंच तर ते शिकले होते.

थोरला भावाच्या छातीवर बसून गळा आवळत होता. थोरलीने धड हाताने पहार उचलली आणि सगळी ताकद लावून नवऱ्याच्याच पाठीत हाणली. तो कोलमडला. पहार भावांच्या मध्ये टाकून ती धाकट्याला म्हणाली, "मला नंतर मार. आधी आत बघ."

तिच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असावं. त्याने पहार घेतली. फळी अर्धी निघाली आणि पुढे अडली, तशी त्याने बोटं घालून ती ओढली. दोन नखं फळीलाच राहिली. आतून उबट हवेचा झोत आला. खाली फरशीवर चिंगी पडली होती, हातात तांब्या तसाच.

तो आत उतरला. कडी काढून त्याने तिला अंगणात उघड्या हवेत आणलं. रक्ताने माखलेल्या थोरल्याने तिला उचललं आणि तो दवाखान्याकडे धावत सुटला. धाकटा मागून धावत होता.

पोरगी वाचली. आणखी उशीर झाला असता तर नसती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. प्राणवायूचा मुखवटा निघाल्यावर तिने आधी मोठ्या आईचा प्लास्टरमधला हात पाहिला, मग बापाकडे पाहिलं.

"पाणी छान होतं म्हणून मी बंदच केलं नाही," ती म्हणाली. "मग चक्कर आली. दार उघडेना. म्हणून मी तांब्याने भिंतीवर ठोकलं. बाबा, पलीकडे तूच होतास ना? मी ठोकलं की तूही ठोकायचास. मला वाटलं, तू येतोयस."

थोरलीने धाकट्याकडे बघितलं. तो बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून बसला होता. थोरला त्याच्या शेजारी येऊन बसला.