वर्षाची चिठ्ठी

ओक-बुननं टोपली ओट्यावर उपडी केली आणि उरलेल्या पाच चिठ्ठ्या चिरलेल्या कांद्याच्या पातीशेजारी पडल्या. टोपली स्वयंपाकघराची होती. वर्षातून एकदा, एक जानेवारीला, ती व्यासपीठापुढे जायची, आणि उपासना संपली की ओक-बुन ती आपल्या हातानं परत आणायची. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. बायकांच्या संघानं नेलेली चाळणी दोन वर्षं झाली, अजून यायची होती.

तिनं एक चिठ्ठी उलटली. मग दुसरी. मग पाचही.

पाचही चिठ्ठ्यांवर बायबलातलं एकच वचन होतं. तिच्या कोटाच्या खिशातल्या चिठ्ठीवर होतं, तेच.

हामगोक गावच्या ख्रिस्ती मंडळीत दर नववर्षाला प्रत्येक घरातला एक माणूस टोपलीतून एक चिठ्ठी उचलतो. तिच्यावरचं वचन ते त्या घराचं वर्षभराचं. दाखवायचं नाही, विचारायचं नाही. पूर्वी कुणाला भरल्या कोठाराचं वचन यायचं, कुणाला धीर धरायचं, आणि धीरवाल्यांची तोंडं मार्चपर्यंत वाकडी राहायची. म्हणून हा दंडक पडला. ओक-बुनला अर्थात कुणाला काय आलं ते जेवणं होईपर्यंत कळलेलं असे. त्यासाठी चेहरे पुरत.

आज मात्र चेहरे बोलत नव्हते. छत्तीस घरांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि छत्तीसही माणसं आपापल्या जागी जाऊन गप्प बसली. तिचंही तेच झालं होतं. वचन परक्याला घरात घेणाऱ्यांविषयीचं होतं. वाचताक्षणी तिची कानशिलं तापली. मंगळवारीच ती चारचौघींत म्हणाली होती, "त्या बायका इथं आल्या तर माझ्या स्वयंपाकघराला सुकटीचा वास मारेल." देवानं तीन दिवसांत उत्तर धाडलं, तेही थेट तिच्या नावानं, असं तिला वाटलं होतं. ती घाबरली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी सुखावलीही होती. आता मात्र हातानं लिहिलेलं पत्र म्हणून उघडावं आणि आतून छापील लग्नपत्रिका निघावी, तसं झालं.

त्या बायका म्हणजे स्ट्रॉबेरीच्या प्लास्टिक-घरांत राबणाऱ्या नऊ कंबोडियन बायका. डिसेंबरच्या बर्फानं त्यांची राहायची शेड बसली. जीव कुणाचा गेला नाही, पण टीव्हीवाले येऊन गेले. दहा तारखेपर्यंत त्यांना गावच्या हॉलमध्ये ठेवलं होतं; पुढं कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळीची मुलांच्या शाळेची खोली पाच वर्षं रिकामी होती, कारण गावात मुलंच उरली नव्हती. जमीन तापवायची सोय असलेली ती खोली त्यांना द्यायची का, यावर आज जेवणाआधी हात वर व्हायचे होते. ओक-बुनच्या हिशेबानं कालपर्यंत बाजूनं आठच हात होते.

"धाकट्या पाळकबाई," तिनं हाक मारली. "इकडे या जरा. दार लोटून घ्या."

मोक ही-वन आत आली. सेमिनरीतून शिकाऊ पाळक म्हणून येऊन तिला सहा महिने झाले होते. ओट्यावरच्या चिठ्ठ्या तिला दारातूनच दिसल्या.

"ह्या लिहायला किती वेळ लागला?"

"एक संध्याकाळ."

"एवढा? एकच तर ओळ होती."

ही-वन लाल झाली. "मावशी, मोठ्या पाळकांना मी म्हटलं होतं, हा प्रकार बंद करू या. पाखराच्या चोचीतून भविष्य काढण्यात आणि ह्यात काय फरक? ते म्हणाले, पुढं तू मोठी झालीस की बंद कर, आता लिही. बसले लिहायला. समोर टीव्हीवर ती शेड दाखवत होते. पहिली ही लिहिली, आणि मग दुसरं काही लिहवेना."

"म्हणजे देवाला निवडायला काही ठेवलंच नाहीत."

"नाही ठेवलं."

"वचन तरी खरं आहे ना?"

"वचन खरं आहे. टोपली खोटी आहे." तिनं श्वास घेतला. "हात वर व्हायच्या आधी मी उभी राहून सांगणार आहे."

"फेब्रुवारीत पाळक व्हायच्या तुमच्या कागदावर थाकसाहेबांची सही लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

दार ढकलून थाकसाहेबच आत आले. थाक सांग-ग्यू मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांमध्ये पहिले, गावातल्या स्ट्रॉबेरीवाल्यांचे पुढारी, आणि बसलेली शेड त्यांची. ही-वनला पाहून ते अडखळले. मग ओक-बुनकडे पाहून उगाच खाकरले.

"ओक-बुन, ती टोपली... दरवर्षीसारखं."

दरवर्षी थाकसाहेब मनासारखी चिठ्ठी आली नाही की इथं येऊन बदलून नेत. अकरा वर्षांत नऊदा. हे गुपित ओक-बुननं मिठाच्या बरणीत घालून ठेवल्यासारखं जपलं होतं. तिनं पाचही चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या आणि टोपली त्यांच्यापुढे धरली. खोडी काढायची हौस वयाबरोबर जातेच असं नाही.

थाकसाहेबांनी एक उचलली. वाचली. दुसरी उचलली. मग उरलेल्या तिन्ही उलट्या केल्या. पातेल्यात सूप रटरटत होतं.

"सगळ्यांना हीच?"

"सगळ्यांना," ही-वन म्हणाली. "चूक माझी आहे. मी आता बाहेर जाऊन सांगते."

ते ओरडतील म्हणून ओक-बुननं गॅस बारीक केला. ते ओरडले नाहीत. स्टुलावर बसले.

"काही सांगू नका," ते म्हणाले. "मी आज हात वर करणार होतो. दुसरी निघाली तर सुटलो, म्हणून शेवटचं पाहायला आलो."

दोघी बघत राहिल्या.

"बघता काय? आमच्या लोकांना मी काय सांगू? शिकाऊ पाळकबाईनं मन वळवलं म्हटलं तर वर्षभर हसतील. बायकोनं वळवलं म्हटलं तर मी मरेपर्यंत. चिठ्ठीच आली म्हटलं की कुणाची बोलायची टाप नाही. तेवढी चिठ्ठी माझ्याकडे राहू द्या."

"मग ते खोटं होईल, साहेब."

"नऊ बायकांच्या पाठीला ऊब लागेल. ती खोटी असेल का?"

ही-वननं ओक-बुनकडे पाहिलं. ओक-बुनच्या हिशेबात म्हाताऱ्याचं चोख होतं आणि पोरीचंही. बेरीज काही जुळत नव्हती. ती सूप ढवळत राहिली. ही-वननं नळाखाली हात धुतले, टॉवेलला पुसले आणि बाहेर गेली.

वाढायच्या खिडकीतून ओक-बुनला सगळं दिसत होतं. ही-वन चार वाक्यं बोलली. खिशांतून, पाकिटांतून चिठ्ठ्या बाहेर आल्या, शेजाऱ्याच्या चिठ्ठीला लावून पाहिल्या गेल्या. नव्वदीची दोक-नाम आजी म्हणाली, "मग माझी कुठली?" आणि दोघं-तिघं हसले.

"संपलं तर मग," मा नावाचा एक स्ट्रॉबेरीवाला म्हणाला. "असल्या थट्टेवर मत कसलं घ्यायचं? काय थाकसाहेब?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. थाकसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

मोठे पाळक नाम डोळे मिटून बसले होते. ते तसेच म्हणाले, "चिठ्ठ्या बाजूला ठेवा. खोली द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कालचे आठही हात मांडीवर पडून होते.

मग थाकसाहेबांचा हात उठला. त्यांचा खांदा शरद ऋतूपासून आखडलेला. हात कानापाशी येऊन अडला. दुसऱ्या हातानं त्यांनी कोपर वर ढकललं.

"तुम्ही?" मा म्हणाला. "खोट्या चिठ्ठीवर?"

"मला कसलीही चिठ्ठी आलेली नाही," थाकसाहेब म्हणाले. "शेड माझी होती. मोजा लवकर, खांदा दुखतोय."

पाळक नाम यांनी डोळे उघडले. पुढच्या बाकावर एक हात वर गेला, खिडकीपाशी दोन. ओक-बुन सवयीनं मोजू लागली. सातपर्यंत आली, आणि मग हात मोकळा करायला तिनं सुपाचा डाव खाली ठेवला.